नदीची हद्द

पूर्वी शोणतीर नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी जमिनीची मोजणी करणारा अमात्य होता. नदीकाठची जमीन नव्याने वाटायची म्हणून राजाने त्याला हद्द आखायला पाठवले.

दिवस उन्हाळ्याचे होते. नदी नावापुरती वाहत होती. बोधिसत्त्वाने पाण्याकडे फारसे पाहिलेच नाही, झाडांकडे पाहिले. जांभळी-करंजांच्या फांद्यांत जुन्या पुराचा काडीकचरा अडकलेला होता. तो जिथवर दिसला तिथवर त्याने दोर धरून खुंट्या ठोकल्या. खुंट्यांच्या आत, नदीच्या बाजूला, यापुढे फक्त झाडे आणि गवत राहणार होते. घर नाही, कुंपण नाही.

नगरशेठ मणिकंठाला तिथेच बागबंगला बांधायचा होता. तो तडक दरबारात गेला. "महाराज, ओंजळभर पाण्याला हा माणूस एवढी जमीन देतो! याचं स्वतःचं घर कुठे येतं, तेवढं विचारा."

राजाने विचारले.

"खुंट्यांच्या आत, महाराज. पाच हात," बोधिसत्त्व म्हणाला. "उद्या पाडतो."

घर वडिलांनी बांधलेले. दोर थोडा वाकवला असता तर कुणाच्या लक्षातही आले नसते. त्याला मोह झाला होता, खोटे कशाला सांगा! पण स्वतःच्या दारात वाकवलेला दोर लोकांच्या दारात तो कोणत्या तोंडाने ताठ धरणार होता?

"अहो, मामंजींच्या हातचं घर हे," पत्नी उत्पला म्हणाली.

"घर बाबांचं, पण जागा नदीची आहे गं."

उत्पला पोटभर रडली. मग पदर खोचून तिनेच पहिली भांडी बाहेर काढली.

ते घर पाडलेले पाहून राजाने सगळी हद्द कायम केली. लोकांनी कुरकुरत कुंपणे मागे घेतली. मणिकंठ मात्र तीन वर्षे बोधिसत्त्वाशी बोलला नाही.

चौथ्या वर्षी महापूर आला. पाणी झाडांत शिरले, खुंट्यांपाशी थांबले, दोन दिवसांनी उतरले. नगरात एक चूलही विझली नाही. मणिकंठ काठावर आला. जिथे त्याचे शेजघर व्हायचे होते, तिथल्या करंजाच्या शेंड्याला लव्हाळे लटकत होते. तो बराच वेळ वर बघत राहिला. मग खाली वाकून त्याने सैल झालेली एक खुंटी दगडाने घट्ट ठोकली.

ही कथा भिक्खूंना सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आनंद, उत्पला ती राहुलमाता आणि मोजणी करणारा मी. मणिकंठ म्हणजे नदीच्या पात्रात कुटी बांधायला निघालेला हा भिक्खू तिष्य."

तिष्य उठला आणि पात्रातले आपले बांबू वर आणायला गेला.

बोधिसत्त्वाची ही अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता. केलेला निश्चय त्याने आधी स्वतःच्या उंबऱ्यावर पाळला.