वेणूबाईंची तीन मिनिटं

आमच्या रेकॉर्ड कंपनीच्या दारातलं हे चावीचं ग्रामोफोन यंत्र बघा. यावर कधीच रेकॉर्ड ठेवत नाहीत. हात लावू नका, लांबूनच बघा. वर भिंतीवर पाच पाट्या आहेत, त्या कंपनीच्या पाच मालकांच्या. मालक बदलले, पण ही रीत एकानंही मोडली नाही.

असं सांगतात, लढाईच्या काळात रेकॉर्डी बनवायची लाख मिळेना, म्हणून त्यांची छपाई बंद पडली आणि कंपनी जीवराजशेठांकडे गेली. ज्यांच्यावरून रेकॉर्डी छापत, ते चारशे तांब्याचे साचे मागच्या खोलीत होते. बाहेर तांब्याला सोन्याचा भाव आलेला. शेठांनी पहिल्याच दिवशी या अंगणात भट्टी पेटवली आणि सगळे साचे वितळवायला सांगितले. साचा गेला की ते गाणं पुन्हा निघणं नाही.

साचे सांभाळायला भिकोबा तांबट होता. तो खोलीच्या दारात आडवा उभा राहिला म्हणे. "एक तरी गाणं ऐका शेठ, मग खुशाल वितळवा."

शेठांचा मुनीम हसला. "याच्या बायकोचा साचा आहे आत. म्हणून एवढा कळवळा!"

ते खरंच होतं. वेणूबाईंनी कंपनीत एकच गाणं गायलं, आणि ते छापायच्या आत त्या तापानं गेल्या; छपाई राहूनच गेली. पण असं बोलायचं असतं का माणसाला? मला त्या मुनिमाचा अजून राग येतो.

भिकोबा आत गेला. वेणूबाईंचा साचा घेऊन आला आणि सगळ्यांदेखत त्यानं तो भट्टीत टाकला.

"आता यात माझं काही उरलं नाही," तो म्हणाला. "आता तरी ऐकाल?"

त्यानं यंत्राला चावी दिली, ते सुरू केलं आणि रेकॉर्ड आणायला वळला.

"थांब," शेठ म्हणाले. "आत्ता टाकलंस ते ऐकव."

"ते आता कसं ऐकवू, शेठ?"

यंत्र रिकामंच फिरत राहिलं. भाता ओढणाऱ्यांचे हात थांबले. चावी संपायला तीन मिनिटं लागली, तोवर शेठ मान खाली घालून उभे होते. मग त्यांनी भट्टी विझवायला सांगितली. उरलेले साचे वाचले, म्हणून ही कंपनी आहे.

आजही नवा मालक सही करण्याआधी इथं उभा राहून चावी देतो आणि यंत्र थांबेपर्यंत ऐकतो. परवाचे नवे साहेब घाईत होते, खिशात फोन वाजत होता. मीच म्हटलं, "साहेब, तो बंद करा. वेणूबाई गातायत."