खाडीपलीकडची घंटा

फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका चर्चमध्ये दोन घंटा होत्या. पलीकडच्या कोळीवाड्यात नवं चर्च सुरू करावं, असं धाकटीच्या मनात आलं. तिने थोरलीला सल्ला विचारला.

"तिथे तुझी गरज आहे म्हणून, की इथे माझ्यापुढे तुझा आवाज कोणाला ऐकू येत नाही म्हणून?"

धाकटी म्हणाली, "खरं सांगायचं तर, ऐकू येत नाही म्हणून."

"मग आधी तिथे जा आणि न वाजता नुसतं ऐक."

एका नावाड्याने तिला पलीकडे नेऊन झाडाला टांगलं. रविवारी खाडी खवळली, कोळीवाड्यातल्या कोणालाच खाडी ओलांडून चर्चला जाता आलं नाही. तेव्हा घराघरांतून प्रार्थना ऐकू येऊ लागली, ज्याची त्याची, एकेकटी.

संध्याकाळी खाडी शांत झाल्यावर नावाडी म्हणाला, "चल, परत नेतो."

"नको," धाकटी म्हणाली. "थोरल्या बायला सांग, चर्च इथे आहेच. मी फक्त सगळ्यांना हाक मारते."