सटवाजी कुंभाराचा ओला हात

बसा निवांत, घाई नाही. फार वर्षांपूर्वी आमच्या बोरघोळ गावात काय झालं ते सांगतो. माझ्या आजोबांनी सांगितलं, तसंच सांगतो.

तेव्हा गावात सटवाजी नावाचा कुंभार होता. दिवसभर माती मळायची, मडकी घडवायची आणि संध्याकाळी तालमीत जाऊन पैलवानांचं अंग चोळायचं, हा त्याचा नेम. माती मळून मळून त्याची बोटं अशी शहाणी झाली होती की, डोळे मिटून बारीक खडा शोधायची. त्यानं चोळलेला पैलवान इतका मोकळा व्हायचा की, उभा राहिला की तालमीचं आढं डोक्याला लागायचं, असं म्हणतात.

पण सटवाजीची एक रीत होती. आधी तो दुखऱ्या अंगावर ओल्या मातीचा पातळ हात फिरवायचा आणि माणसाला सावलीत बसवायचा. माती सगळीकडे सारखी वाळली, तर तेल घेऊन बसायचा. एकाच जागी आधी वाळली, तर त्या जागेला बोटही लावायचा नाही.

गावात म्हसू नावाचा पैलवान होता. भैरोबाच्या जत्रेला आठ दिवस उरले होते आणि नदीपलीकडच्या मल्लाशी त्याची जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती ठरली होती. नेमकं तेव्हाच त्याच्या मांड्या भरून आल्या आणि उजवा खांदा ठणकायला लागला. म्हसू सटवाजीपुढं येऊन बसला. सटवाजीनं माती फिरवली. मांड्यांवर ती सावकाश वाळली. खांद्यावर मात्र तापल्या तव्यावर पडल्यासारखी वाळली आणि तडकली, असं म्हणतात.

"मांड्या चोळतो," सटवाजी म्हणाला. "खांद्याला हात लावणार नाही. या जत्रेला लढू नकोस, बाबा."

"अहो सटवाजीकाका, दुखतंय ते सोडून भलतंच काय चोळता? मग तुमचा उपयोग काय?"

"एवढाच," सटवाजी म्हणाला आणि मांड्या चोळायला लागला.

म्हसूच्या मांड्या त्याच संध्याकाळी फुलासारख्या हलक्या झाल्या. पण त्याचं मन खांद्यात अडकलेलं. तालमीत सगळ्यांची समजूत अशी की, जितकं बोंबलायला लावेल तितकं चोळणं चांगलं. म्हसूनं दोन गड्यांना खांद्यावर पाय देऊन उभं केलं. सकाळी त्याला भाकरीचा घास तोंडापर्यंत नेता येईना.

मग तो डाव्या हातानं उजवा हात धरून कुंभारवाड्यात आला. सटवाजी रागावला नाही. त्यानं खांद्यावर गार मातीचा लेप दिला, हात गळ्यात बांधला आणि म्हणाला, "हात जाणार नाही. पण आता मी सांगेन तेव्हाच उचलायचा."

तालमीचे वस्ताद बाळोजी म्हसूबरोबर आले होते. त्यांनी विचारलं, "सटवाजी, खरं सांग. या चोळण्यात गुण आहे की नुसती हौस?"

"वस्ताद, दमलेलं अंग हाताखाली मऊ येतं. त्याला चोळलं की बरं वाटतं, झोप लागते, गडी दुसऱ्या दिवशी हसत येतो. दुखावलेलं अंग मात्र हात झटकून टाकतं. त्याला निवांतपणा द्यायचा. चोळणाऱ्याला दोन्ही ओळखता आली पाहिजेत, नाहीतर त्यानं मडकीच करावीत."

जत्रेच्या दिवशी म्हसू लेप लावून कडेला बसला. पलीकडची माणसं ओरडली, "काय रे म्हसू, हळद लागली का? नवरी कुठाय?" सगळं मैदान खदखदलं. म्हसूची मान खाली गेली. तेव्हा सटवाजी उठला. त्यानं म्हसूला डाव्या हाताला धरून भर आखाड्यात नेलं, त्याच्या मुठीत माती दिली आणि म्हणाला, "पहिली मूठ तू टाक. आज सगळ्यात अवघड डाव तू खेळतोयस." म्हसूनं माती उधळली. ती वर गेली ती घटकाभर खाली आलीच नाही, सगळ्या आखाड्यावर गुलालासारखी तरंगत राहिली, असं म्हणतात. हसणारे माना वर करून बघतच राहिले.

पुढच्या जत्रेला म्हसू त्याच खांद्यावर लढला आणि जिंकला. केस पिकेपर्यंत लढत राहिला.

सटवाजी जाऊन किती पिढ्या झाल्या, कोण मोजतं? पण आजही आमच्या जत्रेत कुस्त्या सुरू व्हायच्या आधी वस्ताद हाक देतात, "सटवाजीचा गडी कोण?" मग ज्याला दुखण्यामुळं यंदा थांबावं लागलंय तो उठतो, कुणी लंगडत, कुणी हात गळ्यात बांधून. आखाड्यात पहिली मूठ तोच टाकतो, आणि सगळं गाव त्याच्यासाठी उभं राहतं.