जावईबापू पेटी शिकले

एका गावात एक भोळा जावई होता. गेनू त्याचं नाव. मनानं सोनं, पण शिकवलेलं भलतीकडेच लावायचा. वैतागून बायको, सगुणा, माहेरी निघून गेली. गेनूला करमेना. गेला बिचारा सासुरवाडीला. उंबऱ्यावर उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "मामा, सगुणाला न्यायला आलोय."

सासरे केरूबुवा म्हणजे गावच्या भजनी मंडळाचे बुवा. ते म्हणाले, "जावईबापू, जत्रेच्या भजनात एक अभंग पेटीवर न चुकता वाजवा. माझ्या वहीत सारेगम लिहिलंय, बघून वाजवायचं. जमलं तर लेक पाठवतो. नाहीतर एकटेच घरी जा."

शिकवणी सुरू झाली. "अक्षराखाली आडवी रेघ दिसली, की सूर कोमल. म्हणजे जरा खाली उतरवायचा."

"खाली रेघ, की उतरवायचं," गेनूनं पाठ केलं.

दुपारी बुवा झोपले. गेनूची नजर भिंतीवर गेली. भिंतीवर गेरूची आडवी रेघ, आणि रेघेच्या वर तसबिरी. झालं! गणपती उतरवला, लक्ष्मी उतरवली, बुवांचे कैलासवासी वडील उतरवले. वडिलांचा हार शेळीनं खाल्ला.

"अहो, हे काय केलंत?" बुवा ओरडले.

"खाली रेघ होती ना, मामा."

सगुणानं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दुसरी खूण. "अक्षराच्या वर टिंब असलं, की वरचा सूर. आवाज उंच चढवायचा."

"वर टिंब, की चढवायचा."

संध्याकाळी घरात हळदीकुंकू होतं. दारात गेनू उभा. पहिली बाई आली. कपाळावर ठसठशीत कुंकू. म्हणजे टिंब, आणि तेही वर! गेनू किंचाळला, "या, बसाऽऽऽ!" बाईच्या हातातलं ताट पडलं. दुसरी दचकली, तिसरी रडली. चौथी कोपऱ्यावरूनच पळाली. गल्लीतली कुत्री तेवढी साथ देत राहिली.

तिसऱ्या दिवशी बुवांनी घाम पुसत शेवटची खूण दाखवली. "कडव्याच्या शेवटी ॥ धृ ॥ दिसलं, की मागं फिरायचं. सुरुवात पुन्हा धरायची."

"धृ दिसला, की मागं फिरायचं."

जत्रा आली. सगुणा बायकांत जीव मुठीत धरून बसली. रुसली होती, पण नवरा तिचाच की! गेनू वाजवू लागला. रेघ आली, सूर उतरला. टिंब आलं, सूर चढला. धृ आला, गडी मागं फिरला. थांबायचं मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दहाव्यांदा सुरुवात धरली, तेव्हा बुवांनी हात धरला. पण चूक म्हणाल तर एक नाही! बुवांचे डोळे भरून आले.

सकाळी बैलगाडी निघाली. सगुणाच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. "बरं वाजवलंत हो," ती हळूच म्हणाली. गेनू खुलला.

वेशीवर मारुतीचं देऊळ. भिंतीवर शेंदरी रंगात आरती लिहिलेली. आणि कडव्याच्या शेवटी, हाताएवढ्या अक्षरात, ॥ धृ ॥.

गेनूनं कासरा ओढला. गाडी गर्रकन फिरली.

"अहो, कुठं निघालात? घर तिकडं आहे!"

गाडी थेट बुवांच्या दारात. बुवा नुकतेच हुश्श करून पाय पसरून बसले होते. गेनूनं सगुणाला हात धरून उतरवलं आणि आत नेऊन बसवलं. डबा सासूबाईंच्या हातात परत दिला. मग बाहेर जाऊन पुन्हा उंबऱ्यावर उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला,

"मामा, सगुणाला न्यायला आलोय."