दारातला गूळ

माणसांनी दुकानं काढली त्याच्या कितीतरी आधी एका माकडाने वडाखाली दुकान मांडलं होतं. दारात गुळाच्या ढेपा, मागच्या ढोलीत पेरू. येईल त्याच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायचा, ही त्याची रीत.

अस्वलराव तिथलं रोजचं गिऱ्हाईक. गूळ खाऊन खाऊन ते इतके सुटले, की झाडावर चढणंच बंद झालं. एकदा रानकुत्री मागे लागली, तेव्हा काटेरी जाळीत घुसून कसेबसे वाचले.

मग सगळं रान वडाखाली जमलं. ससा म्हणाला, "दुकानच बंद करा!"

"का म्हणून?" माकडशेठ उसळले. "मी काय कुणाच्या तोंडात कोंबतो? ज्याची जीभ त्याने आवरावी."

हत्तीणबाई सगळ्यांत वडील. त्यांनी सहज विचारलं, "शेठ, पेरू का हो मागे ठेवता?"

"अहो, दारात असतं तेच खपतं! धंद्यातली साधी गोष्ट," शेठ ऐटीत बोलून गेले आणि डोकं खाजवू लागले. सगळे खो खो हसले.

"मग पेरू दारात मांडा, गूळ उंच बेचक्यात ठेवा. बंदी नाही. ज्याला हवा त्याने चढून खावा."

"आणि मी?" अस्वलराव कळवळले.

"तुमचे पाय तुम्हीच उचलायचे, राव!"

सुरुवातीला अस्वलराव चढले कमी, घसरले जास्त. खाली बसून पेरू खायचे, पुन्हा चढायचे. थंडीत रानकुत्री परत आली, तेव्हा मात्र ते सरसर वर पोचले. माकडशेठनी खुशीत अख्खी ढेपच पुढे केली.

अस्वलरावांनी एक खडा मोडून घेतला. "पुरे, शेठ. उद्याही चढायचंय."