आपण कोणातर्फे?

एकदा एका तटस्थ देशात देशोदेशीच्या वकिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी एक वयोवृद्ध विधिज्ञ होते, आणि त्यांचा तरुण शिष्य आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून आला होता. परिषदेपुढे खरे काम एकच होते. सरकारला नकोशा झालेल्या एका आरोपीचे वकीलपत्र घेतले म्हणून एक वकील तुरुंगात पडला होता. सोमवारी त्याला शिक्षा सुनावली जाणार होती. परिषदेने एकमुखाने त्याच्या सुटकेची मागणी केली असती, तर ते सरकार थोडे तरी बिचकले असते. त्याची पत्नी त्याच आशेने मागच्या बाकावर बसून होती.

आणि आमचे विद्वान काय करीत होते? ठरावात 'निषेध' म्हणावे की 'चिंता', यात एक सकाळ गेली. त्या देशाचे नाव घेणार असाल तर शेजाऱ्याचेही घ्या, यात दुपार गेली. मग व्यासपीठामागच्या नकाशातली एक सीमारेषा कुणा एका प्रतिनिधीला खुपली, आणि निम्मे सभागृह रागाने बाहेर जाऊन उभे राहिले! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिष्यानेही आपल्या देशाच्या सोयीची एक दुरुस्ती सुचवून त्यात तेल ओतलेच होते.

अखेरच्या बैठकीत अध्यक्षांनी एक विचित्र प्रकार आरंभला. जो बोलायला उठे त्याला ते विचारीत, "आपण कोणातर्फे?" "माझ्या देशातर्फे," असे उत्तर आले की म्हणत, "बसा." शिष्यालाही त्यांनी तसेच बसवले.

चहाच्या सुट्टीत शिष्य उसळला. "सर, हे काय चाललंय? संध्याकाळी परिषद संपतेय, आणि तुम्ही कुणाला बोलूच देत नाही!"

वृद्धही त्रासलेलेच होते. "अरे, कोर्टात उभा राहिलास की न्यायाधीश आधी काय विचारतात? कोणातर्फे, हेच ना? सरकारांना वकील काही कमी नाहीत. पण ज्याने नकोशा माणसाचं वकीलपत्र घेतलं, त्याचं वकीलपत्र एवढ्या मोठ्या सभागृहात कुणाकडे आहे, ते मला सांग."

चहा तसाच ठेवून शिष्य मागच्या बाकापाशी गेला. "बाई, आपल्या यजमानांच्या वतीने मी बोललो तर चालेल?"

"केव्हाची वाट पाहतेय," ती म्हणाली, "कुणीतरी हे विचारेल म्हणून."

बैठक पुन्हा सुरू झाली. शिष्याने उठून आधी आपली दुरुस्ती मागे घेतली.

"आपण कोणातर्फे?"

"जो तुरुंगात आहे, त्याच्यातर्फे."

"बोला."

तो थोडकेच बोलला. तो बसल्यावर नकाशावरून भांडलेला प्रतिनिधी उठला. अध्यक्षांनी कंटाळून त्यालाही तोच प्रश्न विचारला.

मागे वळून त्या बाईंकडे पाहत तो म्हणाला, "मीही त्याच्याच तर्फे."