वाऱ्याला सामोरी गेलेली सून

"आपली सून मैदानावरच्या त्या विमानासारखीच खुळी आहे. वाऱ्याकडे तोंड करून पळते!" सासू जावेच्या कानात म्हणाली. तळ्यावर नव्याने नांदायला आलेल्या रोहित पक्षिणीने, म्हणजे त्या सुनेनेच, ते ऐकलं.

विमानं नुकती उडायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. वारा थोरला, त्याच्यापुढे तोंड करायचं नाही, असा या थव्याचा रिवाज होता. त्यामुळे वारा पाठीशी घेऊन उडण्यासाठी त्यांना अख्खं तळं पळावं लागे.

एकदा सगळे असेच पळत सुटले आणि समोरच्या काठावर कोल्हा उठून उभा राहिला. सून गर्रकन वळली, चार पावलांत वर उठली आणि ओरडली, "सासूबाई, वळा! पाठीमागचा वारा तुम्हाला कोल्ह्याकडेच ढकलतोय. वारा समोरून घ्या, तो पंखाखाली शिरून उचलतो. मला काय रागवायचं ते वर आल्यावर रागवा!"